‘आउट-ऑफ-स्टेट’ म्हणजे चार वर्षांचा हिशेब

अमेरिकेत दुसऱ्या राज्याच्या सरकारी विद्यापीठात मुलांना घालण्याबद्दल या वेळी बरीच पत्रं आली. ही विद्यापीठं आपल्या राज्याच्या रहिवाशांना कमी (‘इन-स्टेट’) आणि बाहेरच्यांना जास्त (‘आउट-ऑफ-स्टेट’) फी लावतात. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत, एडिसनला राहतो. मुलाला पर्ड्यू आणि मिशिगन (ॲन आर्बर) दोन्हीकडे ॲडमिशन मिळाली आहे. मंडळाच्या कार्यक्रमात एकांनी सांगितलं, की पहिलं वर्ष पूर्ण फी भरा, तेवढ्यात मुलाला तिथलं ड्रायव्हिंग लायसन्स काढायला लावा, मतदार नोंदणी करा. दुसऱ्या वर्षापासून तो ‘इन-स्टेट’. हे खरं का?

नाही. दर वर्षी हा सल्ला कुणीतरी कुणाला देतं आणि दर वर्षी कुणाचं तरी बजेट त्यावर उभं राहतं.

लायसन्स आणि मतदार नोंदणी हे पुरावे आहेत, हक्क नव्हेत. विद्यापीठ दोन गोष्टी तपासतं : मुलगा राज्यात कशासाठी आला, आणि त्याला पोसतं कोण. शिक्षणासाठी आला आणि पैसे न्यू जर्सीतून येतात, म्हणजे त्याचं घर न्यू जर्सीतच, असं गृहीत धरलं जातं. आई-वडिलांवर अवलंबून असलेल्या मुलाचं राज्य ते आई-वडिलांचं राज्य. मिशिगनमध्ये हेच चालतं, बहुतेक राज्यांत हेच चालतं. कॅलिफोर्नियात यूसीचा (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया या सरकारी विद्यापीठाचा) नियम तर आणखी काटेकोर आहे. ३६६ दिवस राज्यात प्रत्यक्ष वास्तव्य हवं, कायम राहण्याचा इरादा कागदांवर दिसायला हवा, आणि आई-वडील बाहेरच्या राज्यात असतील तर मुलगा आर्थिकदृष्ट्या स्वतंत्र हवा. म्हणजे तुम्ही त्याला टॅक्स रिटर्नमध्ये डिपेंडंट दाखवलेलं नको आणि त्याची फी, जेवण, भाडं त्याच्याच कमाईतून गेलेलं हवं. पूर्ण वेळ शिकणाऱ्या १९ वर्षांच्या मुलाला हे जमत नाही. न जमावं म्हणूनच तो नियम आहे.

तुम्ही स्वतः नोकरीनिमित्त खरोखर त्या राज्यात राहायला गेलात, तर गोष्ट वेगळी. तेव्हा तुमच्या वास्तव्याची मुदत भरल्यावर मुलाचा अर्ज टिकतो. भाड्याची पावती काढून खोटा पत्ता दाखवला आणि पुढे उघडकीला आलं, तर मागच्या सगळ्या सेमिस्टरच्या फरकाचं बिल येतं, शिवाय शिस्तभंगाची कारवाई वेगळी.

तेव्हा पहिल्या दिवसापासून चार गुणिले आउट-ऑफ-स्टेट असाच हिशेब मांडा. पर्ड्यूने २०१३ पासून ट्यूशन वाढवलेली नाही. बाहेरच्या राज्यातल्या मुलाला २०२५-२६ मध्ये वर्षाला २८,७९४ डॉलर. चार वर्षांचे झाले १,१५,१७६. इंजिनिअरिंगची जादा फी, राहणं आणि जेवण त्यावर. मिशिगनची आउट-ऑफ-स्टेट ट्यूशन वर्षाला ६० हजारांच्या वर आहे, आणि ५५ क्रेडिट (पूर्ण केलेल्या विषयांची एककं) झाले की वरच्या वर्गाचा दर लागतो, तो आणखी जास्त. म्हणजे चार वर्षांत अडीच लाखांच्या वर. दोन्ही सरकारी, दोन्ही उत्तम; फरक सव्वा लाखाच्या वर. तुमच्या घराजवळच्या रटगर्सची इन-स्टेट फी वर्षाला १८ हजारांच्या आसपास आहे, तीही शेजारी लिहून ठेवा. मिशिगनमध्ये मध्यम उत्पन्नाच्या घरांना ट्यूशन माफ होते असं ऐकलं असेल. ती योजना फक्त मिशिगनच्या रहिवाशांसाठी आहे.

पर्ड्यूत मुलाला हवी ती ब्रँच मिळण्याची शक्यता बरी असेल, तर आमचं मत पर्ड्यूकडे झुकतं. मिशिगन घ्यायचंच असेल तर चारही वर्षांचे पैसे आज कुठून येणार ते लिहून काढा. ‘दुसऱ्या वर्षी बघू’ या वाक्यावर जाऊ नका. कर्जही आता पूर्वीसारखं हवं तेवढं मिळत नाही. डिपेंडंट विद्यार्थ्याला स्वतःच्या नावावर पहिल्या वर्षी जास्तीत जास्त ५,५०० डॉलरचं फेडरल कर्ज मिळतं, सगळी वर्षं मिळून ३१,०००. पालकांच्या नावे मिळणाऱ्या पॅरेंट प्लस कर्जावर जुलै २०२६ पासून एका मुलामागे वर्षाला २० हजार आणि एकूण ६५ हजारांची मर्यादा आली आहे.

प्रश्न : मुलीचा जन्म सॅन होजेचा, ती अमेरिकन नागरिक आहे. ती चार वर्षांची असताना आम्ही पुण्याला परतलो. आता बारावीत आहे. कॅलिफोर्नियात जन्मल्यामुळे तिला यूसीमध्ये इन-स्टेट फी लागेल ना? मावशी फ्रीमाँटला असते, तिचा पत्ता देता येईल.

जन्मदाखल्यावरचं राज्य इथे उपयोगाचं नाही, आणि मावशीचा पत्ताही नाही. आई-वडील पुण्यात, म्हणून मुलगी पन्नासही राज्यांत आउट-ऑफ-स्टेट. यूसीमध्ये नेहमीच्या फीवर बाहेरच्यांसाठी जो वेगळा आकार असतो, तो २०२५-२६ मध्ये प्रवेश घेणाऱ्यांसाठी वर्षाला ३७,६०२ डॉलर आहे. यूसी बाहेरच्यांना स्वतःच्या तिजोरीतून गरजेवर आधारित ग्रँट जवळजवळ देत नाही. दिलासा एवढाच, की ज्या बॅचला जो दर लागला तो सहा वर्षांपर्यंत वाढत नाही. यूसी एसएटीचे मार्क बघतही नाही, आणि बाहेरच्या अर्जदारांना किमान जीपीए (सरासरी गुणांक) ३.४ मागतं, कॅलिफोर्नियाच्या मुलांना ३.० पुरतो.

पण नागरिकत्व वाया जात नाही. ती ‘इंटरनॅशनल’ नाही, ‘डोमेस्टिक आउट-ऑफ-स्टेट’ आहे. आय-२० (परदेशी विद्यार्थ्याला विद्यापीठ देतं तो व्हिसासाठीचा कागद) नको, व्हिसा नको. अमेरिकन पासपोर्टवर जायचं, आणि भारतात यायला-जायला ओसीआय कार्ड असेल तर ते जपायचं. अर्जात नागरिकत्वाच्या रकान्यात चुकून भारत भरला, तर फाइल इंटरनॅशनल ऑफिसकडे जाते आणि तिथून परत आणायला आठवडे जातात. पुण्यातून भरलेल्या अर्जांत ही चूक सर्रास दिसते, कारण शाळा भारतातली, पत्ता भारतातला, आणि हात आपोआप तिकडे जातो.

तिला फाफ्सा, म्हणजे फेडरल आर्थिक मदतीचा अर्ज, भरता येतो. दर वर्षी साधारण १ ऑक्टोबरला तो खुला होतो. तिचा सोशल सिक्युरिटी नंबर हवा. लहानपणीचं कार्ड सापडत नसेल तर त्याची खटपट आत्ताच सुरू करा. तुम्हा दोघांकडे तो नंबर नसला तरी पालक म्हणून खातं उघडता येतं, फक्त ओळख पटवण्यात वेळ जातो, म्हणून शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका. राज्याच्या रकान्यात ‘फॉरेन कंट्री’ निवडायचं. भारतातलं उत्पन्न डॉलरमध्ये बदलून हाताने भरायचं. गरज निघाली तर पेल ग्रँट (परत न फेडायची फेडरल मदत) मिळू शकते; २०२५-२६ ची कमाल रक्कम ७,३९५ डॉलर होती. तिच्या नावाच्या फेडरल कर्जाला जामीनदार लागत नाही. पॅरेंट प्लस मात्र तुम्हाला मिळणार नाही, कारण त्यासाठी पालकही नागरिक किंवा ग्रीनकार्डधारक लागतात.

पुण्यातून फी पाठवताना पालकाच्या खात्यातून एलआरएसखाली (परदेशी पैसे पाठवण्याच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली) जाते; एका व्यक्तीला आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलरची मर्यादा आहे. बँकेच्या फॉर्मवर पर्पज कोड एस-०३०५ लिहिलाय ना, ते पाहा. दुसराच कोड पडला तर टीसीएस (पैसे पाठवताना बँक आगाऊ कापते तो कर) शिक्षणाच्या दराने न कापता जास्त कापला जाऊ शकतो. वर्षाला १० लाख रुपयांपर्यंत टीसीएस नाही, आणि कापलेला रिटर्नमध्ये वळता करून घेता येतो. ऑगस्टची फी भरायला जुलैच्या शेवटच्या आठवड्यात बँकेत जाणं उशिराचं. पैसे वाटेत अडकले तर विद्यापीठ लेट फी लावतं.

यूसीचा हट्ट नसेल तर यादीत नॉर्थ कॅरोलायना (चॅपल हिल) आणि व्हर्जिनिया (शार्लट्सव्हिल) घाला. दोन्ही सरकारी विद्यापीठं बाहेरच्या राज्यातल्या विद्यार्थ्याचीही सिद्ध झालेली पूर्ण आर्थिक गरज भागवतात; सरकारी विद्यापीठांत हे दुर्मीळ. प्रवेश अवघड आहे. चॅपल हिलला पहिल्या वर्षात बाहेरच्यांना १८ टक्क्यांची मर्यादा आहे.

प्रश्न : बाहेरच्या राज्यात जाऊनही फी कमी लागेल असा काही मार्ग आहे का?

आहेत, पण बहुधा मोठ्या नावांपाशी नाहीत. पश्चिमेकडच्या राज्यांत वेस्टर्न अंडरग्रॅज्युएट एक्सचेंज (वूई) आहे. त्यात इन-स्टेट ट्यूशनच्या जास्तीत जास्त दीडपट भरावी लागते. मिडवेस्टच्या एक्सचेंजमध्येही सरकारी विद्यापीठांसाठी मर्यादा दीडपटीचीच. दक्षिणेकडच्या अॅकॅडेमिक कॉमन मार्केटचा आधार वेगळा आहे : तुमच्या राज्यात तो कोर्सच नसेल तरच. मिनेसोटा आणि विस्कॉन्सिन यांचा आपसांत करार आहे, पण त्यासाठी राज्याकडे वेगळा अर्ज करावा लागतो; विद्यापीठात ॲडमिशन झाली म्हणजे तो आपोआप झाला असं नाही. बर्कली, यूसीएलए, सिएटलचं वॉशिंग्टन विद्यापीठ ही नावं वूईत शोधू नका. शिवाय मागणी असलेल्या मेजरना (मुख्य विषयांना) ही सवलत अनेकदा वगळलेली असते.

टेक्ससची एक वाट मात्र लोकांना फारशी माहीत नसते. किमान १,००० डॉलरची स्पर्धात्मक स्कॉलरशिप मिळाली, तर विद्यापीठ त्या विद्यार्थ्याला इन-स्टेट दर लावू शकतं. म्हणजे हजार डॉलरच्या स्कॉलरशिपची खरी किंमत कितीतरी पट. ही सूट किती जणांना द्यायची याला मर्यादा असते, म्हणून स्कॉलरशिपचं पत्र आलं की फायनान्शियल एड ऑफिसला एकच प्रश्न लिहून विचारा : ‘या स्कॉलरशिपबरोबर आउट-ऑफ-स्टेट ट्यूशनची सूट आहे का, आणि ती दर वर्षी टिकवायला किती जीपीए लागतो?’

प्रश्न : मुलीला कॉम्प्युटर सायन्स करायचं आहे. सिएटलच्या विद्यापीठात प्रवेश मिळाला, पण सीएसमध्ये नाही. आत गेल्यावर मेजर बदलता येईल, असं बरेच जण म्हणतात.

बरेच जण वीस वर्षांपूर्वीचं सांगतात. आज सिएटल असो वा इलिनॉय (अर्बाना-शँपेन), सीएसच्या जागा पहिल्याच वर्षी थेट भरल्या जातात, आणि बाहेरून आत वळणं जवळजवळ बंद आहे. सीएसच हवं असेल आणि थेट प्रवेश नसेल, तर दुसरं विद्यापीठ घ्या. आउट-ऑफ-स्टेट फी भरून नको त्या मेजरमध्ये अडकणं हा या सगळ्या व्यवहारातला सर्वांत महाग प्रकार. इन-स्टेट मूल वैतागून घरी परतलं तर नुकसान तुलनेने थोडं. तुमचं पन्नास हजार डॉलरच्या वर.

पर्ड्यूसारख्या ठिकाणी इंजिनिअरिंगची पद्धत निराळी आहे. पहिलं वर्ष सगळ्यांना समान, नंतर मार्कांवर ब्रँच. तिथे आधी विचारायचं ते हे : पहिली पसंती नक्की मिळायला किती जीपीए लागतो, त्यात कोणते विषय मोजतात, आणि एपीचं (शाळेतच देता येणाऱ्या कॉलेजच्या पातळीच्या परीक्षेचं) क्रेडिट घेऊन विषय सोडला तर तो त्या हिशेबात येतो का. कॅल्क्युलसचा एपी घेऊन सुटका करून घेतलेल्या मुलाकडे जीपीए वर खेचायला सोपा विषयच उरत नाही, असं होतं.

जॉर्जिया टेकसाठी एक तारीख : तिथे जॉर्जियाच्या मुलांची अर्ली ॲक्शनची (लवकर अर्ज करण्याची) मुदत ऑक्टोबरच्या मध्याला असते, बाहेरच्यांची नोव्हेंबरच्या सुरुवातीला. शेजारणीच्या मुलाचं पाहून घाबरू नका, पण डिसेंबरपर्यंत ढकलूही नका.

प्रश्न : आम्ही टेक्ससात एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आहोत, ग्रीनकार्डची रांग लांब आहे. मुलगा एच-४ या कुटुंबीयांच्या व्हिसावर. तो दुसऱ्या राज्यात जाईल आणि तिसऱ्या वर्षी २१ पूर्ण होतील. काय काय लक्षात ठेवायचं?

फाफ्सा नाही, फेडरल कर्ज नाही, एच-४वर कॅम्पसवरचं कामही नाही, इंटर्नशिपचा पगारही नाही. दुसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यात बरोबरीची मुलं इंटर्नशिपला जातात तेव्हा हे खुपतं. म्हणून २१ व्या वाढदिवसाची (तेव्हा एच-४ संपतो) वाट न बघता आधीच एफ-१ हा विद्यार्थ्याचा व्हिसा घेण्याचा विचार बरेच जण करतात. विद्यापीठाकडून आय-२० घ्यायचा, त्यासाठी पैशाचा पुरावा लागतो. मग अमेरिकेतच आय-५३९ हा अर्ज भरून स्टेटस बदलायचा किंवा मुंबईच्या कॉन्सुलेटमधून व्हिसाचा शिक्का घ्यायचा. आय-५३९ला महिनोन्महिने लागू शकतात, त्यामुळे वाढदिवसाच्या आधी भरपूर अंतर ठेवा, आणि अर्ज प्रलंबित असताना देशाबाहेर जाऊ नका. गेलं तर अर्ज सोडला असं धरतात.

टेक्ससातच शिकवलंत तर आणखी एक मुद्दा आहे. अनेक राज्यांत एच-४ असलेल्या मुलाला इन-स्टेट धरतात, एफ-१ झालेल्याला धरत नाहीत. स्टेटस बदलण्याआधी रजिस्ट्रारकडून हे लेखी घ्या. नाहीतर तिसऱ्या वर्षी घरच्या राज्यातच आउट-ऑफ-स्टेटचं बिल हातात पडतं.

प्रश्न : मुलगी मॅडिसनला (विस्कॉन्सिन) पहिल्या वर्षाला गेली. सप्टेंबर संपतोय आणि ती म्हणते, पुढच्या वर्षीच्या फ्लॅटसाठी आत्ताच सही करायची आहे. एवढी घाई खरीच असते का?

असते. मोठ्या विद्यापीठात डॉर्म (कॉलेजचं वसतिगृह) मुख्यतः पहिल्या वर्षासाठी. दुसऱ्या वर्षी बहुतेक मुलं बाहेर पडतात, आणि कॅम्पसजवळचे फ्लॅट जवळजवळ वर्षभर आधी जातात. पण सप्टेंबरात ज्यांच्याशी सही होते त्यांना ती काही आठवडेच ओळखते. त्यामुळे घर बघण्याआधी लीज वाचा. चौघींनी मिळून एकच लीज केली असेल तर एक निघून गेली, की तिचं भाडं उरलेल्या तिघींकडून वसूल करता येतं. दर खोलीची वेगळी लीज थोडी महाग, पण परक्या गावात तीच बरी. जामीनदार म्हणून तुमची सही मागतील. तुम्ही फक्त मुलीच्या हिश्श्याला जामीन आहात की पूर्ण भाड्याला, ते त्या कागदात शोधा.

मॅडिसनची आणखी एक गंमत. बहुतेक विद्यार्थी लीज १४ ऑगस्टला संपतात आणि नव्या १५ ऑगस्टला सुरू होतात. मधल्या रात्री हजारो मुलं अक्षरशः बेघर असतात. फुटपाथवर सोफे, गाद्या, टेबलं, मायक्रोवेव्ह यांचे ढीग लागतात, आणि गावातले लोक त्यातून हवं ते उचलून नेतात. या दिवसाला तिथे ‘हिप्पी ख्रिसमस’ म्हणतात. त्या रात्रीसाठी हॉटेल किंवा मैत्रिणीचं घर आणि सामानासाठी ट्रक जूनमध्येच ठरवा. फुकट गादी मात्र उचलू देऊ नका, ढेकूण येतात.

लीज बारा महिन्यांची, वापर नऊ महिन्यांचा. उन्हाळ्यात सबलेट करता येईल का, तेही आधीच बघा. ५२९ (शिक्षणासाठीच्या करसवलतीच्या बचत) खात्यातून बाहेरच्या घराचं भाडं आणि किराणा देता येतो, पण विद्यापीठाने आपल्या खर्चाच्या अंदाजात राहण्या-जेवणाला जेवढे धरलेत तेवढ्यापर्यंतच, आणि मुलगी किमान अर्धवेळ शिकत असली पाहिजे. विमानाचं तिकीट त्यात बसत नाही, हेल्थ इन्शुरन्सही नाही. उत्पन्न मर्यादेत असेल (जोडप्याला १,६०,००० डॉलरपर्यंत पूर्ण, १,८०,०००ला शून्य) तर वर्षाची ४,००० डॉलर ट्यूशन ५२९ बाहेरून भरा; त्यावर २,५०० पर्यंत टॅक्स क्रेडिट मिळतं. एकाच खर्चावर दोन्ही फायदे घेता येत नाहीत.

प्रश्न : डॉर्ममध्ये न्यायला काय द्यावं? कुकर चालेल का?

कुकर नाही, इंडक्शन नाही, उघडी कॉइल असलेलं काही नाही. राइस कुकरही बऱ्याच ठिकाणी बंद. प्रत्येक डॉर्मची यादी वेगळी, ती वाचा. उदबत्ती आणि निरांजन तर मुळीच नाही. स्मोक डिटेक्टर वाजला की सगळी इमारत खाली उतरते, आणि गौरी-गणपती येतात ते नेमके सेमिस्टरच्या पहिल्या आठवड्यांत. विजेवरचा दिवा द्या. चादरी ‘ट्विन एक्सएल’च घ्या, ३८ बाय ८० इंचाच्या, घरची साधी ट्विन पायथ्याशी पाच इंच कमी पडते. विमानाने जाणार असाल तर उशा, बादली, हँगर तिथेच विकत घ्या. मे महिन्यात हे सामान कुठे ठेवायचं हा प्रश्न इन-स्टेट मुलांना पडत नाही, तुम्हाला पडेल. स्टोरेज एप्रिलच्या सुरुवातीला बुक करा.

प्रश्न : आमचा हेल्थ प्लॅन फक्त आमच्या राज्यातला आहे. विद्यापीठाचा घ्यावाच लागतो का?

प्लॅन एचएमओ (ठरलेल्या नेटवर्कमधल्याच डॉक्टरांचा) असेल तर बाहेरच्या राज्यात बहुधा फक्त तातडीचे उपचार मिळतात. ताप, फिजिओथेरपी, समुपदेशन, सगळं स्वतःच्या खिशातून. विद्यापीठाचा इन्शुरन्स नको असेल तर दर वर्षी ठरलेल्या तारखेच्या आत वेव्हर (तो न घेण्याची सूट मागणारा फॉर्म) भरावा लागतो. तारीख चुकली की हप्ता बिलात कायम. वेव्हर भरण्याआधी इन्शुरन्स कंपनीला मुलाच्या कॉलेजचा झिप कोड सांगून विचारा, की त्या गावात नेटवर्कमधला डॉक्टर आहे का.

प्रश्न : पैसे आम्ही भरतो, पण विद्यापीठ आम्हाला बिलही दाखवत नाही. असं कसं?

फर्पा या विद्यार्थ्यांच्या माहितीच्या गोपनीयतेच्या कायद्यामुळे कॉलेजात गेलेल्या मुलाचे कागद त्याचे स्वतःचे. मुलाने पोर्टलवर जाऊन तुम्हाला ‘ऑथराइज्ड यूजर’ म्हणून जोडलं, की बिल दिसतं. मार्कांसाठी बहुधा वेगळी परवानगी लागते. दवाखान्याची माहिती त्याहून वेगळी. त्यासाठी मूल ज्या राज्यात शिकतंय तिथला हेल्थकेअर पॉवर ऑफ ॲटर्नीचा फॉर्म भरून सही करून ठेवा, एक प्रत फोनमध्ये. हे सगळं ऑगस्टमध्ये मुलाशेजारी बसून दहा मिनिटांत होतं. नोव्हेंबरात भांडून होत नाही, आणि तोवर न दिसलेल्या बिलावर ‘होल्ड’ लागलेला असतो, ज्यामुळे पुढच्या सेमिस्टरच्या विषयांची नोंदणीच उघडत नाही.